शाळेची सावड

साहेब, शाळा तुम्ही बंद पाडलीत. मास्तरांनी नाही, बाईंनी नाही, तुम्ही. शिकवणाऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवल्यात. जे दोघं उरले त्यांच्या हातातला खडू काढून घेऊन त्यांना गावातली गुरं मोजायला लावलंत, मग विहिरी मोजायला, मग संडास मोजायला. पोरं मोजायला तेवढं सांगितलं नाहीत. आणि ते दोघं आजूबाजूच्या गावांतल्या मास्तरांबरोबर एक दिवस "आता बास" म्हणून बसले, तेव्हा गाडीवर कर्णा बांधून गावोगाव ओरडायला माणूस धाडलात, की मास्तर पगारवाढीसाठी अडून बसलेत, पोरांचं वाटोळं करायला निघालेत. खोट्याला पाय नसतात म्हणतात. तुमच्या खोट्याला चार चाकं होती.

आणि गावाला ते पटलं. ही जास्त लाजेची गोष्ट, पण ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

गावाचं मत कसं तयार होतं ते बघायचं असेल तर गिरणीत बसावं. दळण होईस्तोवर माणूस दुसरं करणार काय? बोलतो. ही गिरणी गावाच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये. भिंतींवर पीठ, दिव्याच्या वायरीवर पीठ, कोळ्याच्या जाळ्यावरसुद्धा पीठ. पट्टा फिरायला लागला की पायाखालची जमीन थरथरते आणि साधी गोष्टही ओरडून सांगावी लागते. त्यामुळं इथं "कसं काय, बरं आहे ना?" हेसुद्धा भांडल्यासारखं ऐकू येतं.

गिरणी चालवायची ती बाई केसांना पीठ लागून लागून अकाली म्हातारी दिसायची. गिरणीवाली म्हणूनच तिला सगळे ओळखत. नवरा लांबच्या शहरात इमारतींना रंग द्यायच्या कामावर. घरात सासू, दोन पोरी, आणि माळाला लागून गव्हाचं एक रान. गिरणीच्या मागच्या खोलीत शाळेच्या बाई भाड्यानं राहायच्या. शाळेत हेडमास्तर आणि या बाई, दोघंच. गणित आणि विज्ञान बाईंकडं.

संप सुरू झाल्यावर एक दिवस गव्हाचं पहिलं दळण घेऊन तोफ आला होता. तोफ म्हणजे पोलिसातून सुटलेला हवालदार. नोकरी सुटली, आवाज तेवढा राहिला.

"सावलीत बसायचं, डोक्यावर पंख्याचं वारं घ्यायचं, आणि वर संप!" तो गरजला. "आम्ही उन्हात चौकात उभे राहून पाय झिजवले. केला का कधी संप?"

"काका, शाळेत पंखा आहे कुठं?" गिरणीवाली पिठात हात घालून बारीक-जाड बघत म्हणाली. "दांडी लोंबकळतेय नुसती. पाती केव्हाच गेली."

"दांडी तर दांडी! आमच्या चौकात तीही नव्हती."

पोत्यावर टेकलेली सासू खुदकन हसली. दारात ट्रॅक्टरवाला पाय पसरून बसला होता, त्यालाही चेव आला. "मी म्हणतो, ऐन पेरणीत मी ट्रॅक्टर उभा केला तर चालेल? तुम्ही मला उभा चिराल."

"तू कुठं रे चालवतोस मेल्या," सासू म्हणाली. "ट्रॅक्टर रानात उभा आणि तू इथं आडवा."

"आजी, मास्तरांचं बोला."

"मास्तरांचं काय बोलायचं? ज्याच्या हाती विळा त्यानं कणीस सोडून स्वतःचं बोट कापलं, तर दुखणार कुणाला? पोरांना. पोरं म्हणजे त्यांच्या हाताची बोटं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हातारी बोलली की गाव माना डोलावतं, अर्थ लागो न लागो.

गिरणीवाली पिठाचा डबा भरू लागली. बाई कशा राबतात ते ती रोज बघत होती. चार वर्ग एका खोलीत कोंबायचे, एकाला पाढे घालायचे, दुसऱ्याला शुद्धलेखन, तिसऱ्याला चित्र काढ म्हणायचं आणि चौथ्याला फळ्याशी घ्यायचं. संध्याकाळी गुरं मोजून घरी यायच्या तेव्हा चप्पल शेणानं भरलेली आणि घसा बसलेला. हे तिला दिसत होतं. पण तिची थोरली शेवटच्या वर्गात होती, मोठी परीक्षा तोंडावर आली होती, आणि आईच्या डोळ्यांना आपल्या पोरीपुढं दुसऱ्याची चप्पल किती वेळ दिसणार?

थोरलीला दवाखान्यात नर्स व्हायचं होतं. लहानपणी कोंबडीच्या मोडक्या पायाला काडी बांधली तेव्हापासूनचं वेड. बाकी विषय ती गिळून टाकायची, गणितापाशी मात्र घास अडकायचा. आणि बापानं फोनवर सांगून ठेवलं होतं, "पास झाली तर पुढं शिकू दे. नाही झाली तर माझ्याकडं पाठव. आमच्या मुकादमाच्या घरी धुण्याभांड्याला पोरगी हवीय. राहायला जागा देतोय." बाप वाईट नव्हता. रंगाच्या दोरीवर लोंबकळणाऱ्या माणसाला लेकीच्या डोक्यावर छप्पर आलं, एवढंच पुष्कळ वाटतं.

दिवस कलताना गिरणीवालीनं पट्टा उतरवला, हात धुतले आणि मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बाई दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"बाई, एक बोलायचं होतं."

"बोला ना वहिनी."

"शाळा बंद तर बंद. तुमचं तुम्हाला माहीत. पण आमच्या थोरलीला इथंच, खोलीत, थोडं गणित... कुणाला कळणार नाही. गिरणीच्या आवाजात काय ऐकू जातंय?"

बाईंनी हातातली साडी घडी न घालताच छातीशी धरली.

"नाही जमायचं, वहिनी."

"एकाच पोरीचा प्रश्न आहे, बाई."

"तोफकाकांची नात त्याच वर्गात आहे. मेंढपाळाचा मुलगा आहे. तुमची पोरगी माझ्या भिंतीला भिंत लावून राहते म्हणून तिला शिकवायचं, आणि त्यांना? आणि मी खोलीत का होईना शिकवायला लागले, की साहेब म्हणणार, बघा, चाललंय की. वहिनी, बंद शाळा निदान दिसते तरी. उघड्या शाळेत काय चालतं, ते इतकी वर्षं कुणी बघायला आलं का?"

"म्हणजे माझ्या पोरीचा बळी देऊन तुमची शाळा दिसणार."

"असं नका बोलू."

"मग कसं बोलू? तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच शिकवा कसं बोलायचं ते. पण तेही संपात बसत नसेल!"

बोलून ती तरातरा परत आली. मागं बाईंच्या दाराची कडी लागली, हळूच. जोरात लागली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या रानात गव्हाची कापणी होती, सावडीची. सावड म्हणजे मजुरी न घेता एकमेकांच्या रानात राबणं. आज सगळे माझ्यात, उद्या सगळे तुझ्यात. या गावात मजूर परवडत नाही कुणाला, म्हणून सावडीवर गाव तगलेलं. कुणी पाळी चुकवली तर त्याचं पीक उभं वाळतं, मग कुणी फिरकत नाही. भांडण असो, कोर्टकज्जा असो, सावडीत माणूस शेजाऱ्याच्या रानात वाकतोच.

ऊन विस्तवासारखं. वारा सुटला होता, पण तोही भट्टीतून आल्यासारखा, तोंडात माती आणि कुसळं कोंबणारा. कापलेल्या गव्हाची धसकटं पायांना बोचत होती. गहू कोरडाखट्ट झाला होता, जोरात ओढला की दाणे गळत. त्यामुळं सगळे हात हळू आणि तोंडं जोरात चालवत होते. विषय एकच.

"मास्तरांना गावाबाहेर काढा."

"बाईला खोली कुणी दिलीय? विचारा तिला!"

गिरणीवालीनं विळा मातीत रोवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. रात्रभर मनात सलत असलेलं तोंडावाटे बाहेर पडलं.

"काढा, काढा म्हणून नुसतं काय ओरडताय? हा गहू कुणी कापला? मजुरांनी? आपणच ना? मग शाळेला सावड घाला की! आज माझ्या घरचं माणूस शिकवेल, उद्या तुमच्या घरचं. काय अडलंय मास्तरांवाचून?"

ट्रॅक्टरवाल्यानं शिट्टी मारली.

"वहिनी, लाखातलं बोललीस!"

"सूनबाई," तोफ गरजला, "पहिली पाळी माझी!"

झालं. पेटलेल्या गवतासारखी ती गोष्ट गावभर गेली. हात दाखवून अवलक्षण कसं करून घ्यावं ते या गावाकडून शिकावं. पण तेव्हा कुणाला कळत होतं? शाळेचं दार उघडलं, पोरं आत गेली, आणि गावाची छाती फुगली.

तोफेनं पहिल्या दिवशी सगळ्या वर्गांना अंगणात उभं करून कवायत घेतली. "सावधान! विश्राम! सावधान!" दुपारपर्यंत लहान पोरं उन्हानं भोवळून पडायला आली. इतिहास विचारला तर त्यानं एक चोर कसा पकडला ते सांगितलं, भूगोल विचारला तर तो चोर कुठून पळाला ते. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन उघडून दाखवलं. ते पोरांना फार आवडलं, फक्त ते परत जोडता येईना आणि दोन दिवस ट्रॅक्टर शाळेच्या दारातच उभा राहिला. सासूनं गोष्टी सांगितल्या. सगळ्या गोष्टींत सुना वाईट होत्या.

"काय गं, माझ्याबद्दल सांगितलं का आजीनं?" गिरणीवालीनं धाकटीला विचारलं.

"नाव नाही घेतलं आजीनं," धाकटी म्हणाली. "पण ती सून गिरणी चालवायची."

हसू यायचं अशा गोष्टींना. लोक गिरणीत बसून हसायचे आणि म्हणायचे, "शिकवणं म्हणजे काय मोठं डोंगर उचलणं आहे? उगाच मास्तरांनी बाऊ केला होता." बाई कामापुरत्या बाहेर यायच्या, पाणी भरायच्या, मान खाली घालून परत जायच्या. पाण्याच्या टाकीवर बायका त्यांना पाहून बोलायच्या थांबत. एक-दोघींनी त्यांची कळशी मागं सरकवली. गिरणीवाली ते बघायची आणि आपली कळशी भरून निघायची.

शेवटच्या वर्गाचं काय चाललंय ते तिनं आठवडाभर विचारलंच नाही. एकदा थोरली संध्याकाळी आली ती खडूनं भरलेली, आवाज बसलेला, आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"काय झालं गं? आज पाळी कुणाची होती?"

"मेंढपाळकाकांची. ते आले, म्हणाले मेंढ्या विणार आहेत, तू बघ. आणि गेले."

"मग?"

"मग मीच बघितलं. कालही मीच. परवा ट्रॅक्टरवाले काका झोपले होते. पहिलीपासून सगळी पोरं आमच्याकडंच आहेत, आई. आम्ही शेवटच्या वर्गातल्या पोरींनी वाटून घेतलेत वर्ग. मी लहानांना घेते, तोफकाकांची नात मधल्यांना."

"आणि तुमचं गणित?"

थोरली हसली. पंधरा-सोळाची पोर चाळिशीच्या बाईसारखी हसली. "आमचं गणित कोण घेणार? सावडीत कुणाला येतंय?"

गिरणीवालीनं पोरीच्या केसांतला खडू झटकला. "थोडे दिवस कळ काढ. संप मिटेल," असं म्हणून ती दळणाकडं वळली. आणि तिनंच सुरू केलेली गोष्ट तीच मोडणार कशी? गाव तर तिचं नाव घेत होतं.

मग तुमचा कॅमेरेवाला आला, साहेब. पोरांना ओळीत बसवलं, तोफेला फळ्यापाशी उभं केलं, ट्रॅक्टरवाल्याच्या हातात पुस्तक दिलं. ते उलटं होतं, ते कॅमेरेवाल्यानंच सुलटं केलं. गिरणीवालीला मधोमध उभं करून विचारलं, "ही कल्पना तुमची?" ती लाजली, पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं आणि म्हणाली, "हो." आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला कल्पनेबद्दल विचारलं होतं. तिला बरं वाटलं. का वाटू नये?

त्यानंतर थोड्याच दिवसांत संप मिटला. आजूबाजूच्या गावांत मास्तर परतले. कुठं कुठं तर रिकाम्या जागाही भरल्या, इतक्या वर्षांनी. या गावात मात्र कुणी परतेना. हेडमास्तर एका टोकाच्या गावाला गेले. बाईंच्या खोलीत एका सकाळी पेटी बांधलेली दिसली.

"कुठं निघालात?" गिरणीवालीनं दारातून विचारलं.

"डोंगरापलीकडं बदली झाली, वहिनी."

"आणि इथं कोण येणार?"

बाईंनी पेटीची कडी लावली. "इथं कुणाची गरज नाही म्हणाले. गाव स्वतः चालवतंय म्हणाले."

त्या टोचून बोलल्या नाहीत. टोचून बोलल्या असत्या तर भांडता आलं असतं. जाताना त्यांनी थोरलीला जवळ घेतलं. पेटी उचलायला गिरणीवालीच पुढं झाली. गाडीपर्यंत दोघी एकेका बाजूनं पेटी धरून गेल्या. टाकीवरच्या बायका बघत होत्या. यावेळी मागं सरकवायला बाईंची कळशीच नव्हती.

आणि मग तुम्ही स्वतः आलात, साहेब. मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, शाळेच्या दारावर रंगीत पाटी ठोकली, "आदर्श लोकशाळा". तुम्ही बोललात छान. बोलणं तुमचं कायमच छान. म्हणालात, या गावानं देशाला वाट दाखवली. म्हणालात, जिथं लोक उभे राहतात तिथं सरकारनं मध्ये लुडबूड करू नये. लहान वर्ग गावानं असेच प्रेमानं चालवावेत, आणि वरचे वर्ग उद्यापासून नदीपलीकडच्या मोठ्या शाळेला जोडले आहेत. टाळ्या वाजल्या. पहिली ओळ टाळ्या वाजवत होती, मागची ओळ नदी आठवत होती.

नदी म्हणजे आत्ता नुसती वाळू. तापलेली, पाऊल रुतणारी, मधे झाड नाही की झुडूप. उजाडायच्या आत निघालेली पोर ऊन चढल्यावर पोचणार. आणि ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी पलीकडचं गाव परदेश. तेवढं करून पोचावं तर तिकडच्या शाळेतही गणिताला माणूस नाही, हे तोफेच्या जावयानं तिथूनच कळवलं होतं.

तोफ पहिल्या ओळीत होता. त्यानं टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच हवेत राहिले. मग तो मागं वळला आणि आपल्या नातीला शोधू लागला. त्याचा आवाज इतका लहान कधी कुणी ऐकला नव्हता. "सूनबाई, हे काय म्हणाले गं?"

गिरणीवाली उठली. पिठाचे हात, घाईत आलेली, साडीचा काठ उसवलेला. मांडवातनं सरळ पुढं गेली. तुमच्या माणसानं अडवलं. "ताई, प्रश्न नंतर."

"नंतर गाडी निघते," ती म्हणाली. "आत्ताच."

तुम्ही हसलात, साहेब. हात जोडलेत. "अहो, याच त्या! यांच्यामुळं तर हे सगळं झालं! या, या, वर या."

ती वर गेली नाही. खालीच उभी राहिली.

"होय, माझ्यामुळंच झालं," ती म्हणाली. गिरणीत ओरडून ओरडून तयार झालेला आवाज, कर्ण्याची गरज नव्हती. "माझी अक्कल गहाण पडली होती. बाई सांगत होती ते ऐकलं नाही. तुमच्या कर्ण्याचं ऐकलं. पण साहेब, विहीर आटली म्हणून आम्ही लांबून घागरी आणल्या. तुम्ही आलात, घागरी बघितल्यात, शाबासकी दिलीत आणि विहीर बुजवून टाकलीत. कुठल्या शाळेत शिकलात हे?"

"ताई, तुम्ही भावनेच्या भरात..."

"भावना राहू द्या. मी अडाणी आहे, मला लांब बोलता येत नाही." तिनं मागं हात करून थोरलीचा दंड धरला आणि तिला पुढं ओढलं. पोरगी मान खाली घालून उभी. "ही माझी पोर. मोठी परीक्षा तोंडावर आहे. नापास झाली तर ही दुसऱ्याच्या घरची भांडी घासणार आहे, जन्मभर. ती काकांची नात. तो मेंढपाळाचा पोरगा. यांना गणित कोण शिकवणार?"

तुम्ही शेजारच्या माणसाकडं बघितलंत. त्यानं पाटीकडं बघितलं. "त्याचा विचार वरच्या पातळीवर सुरू आहे," असं काहीतरी तुम्ही बोललात.

"पातळी नको. माणूस सांगा."

मांडवाबाहेर तोफ तुमच्या गाडीपुढं जाऊन उभा राहिला होता. ओरडला नाही. सावधान. त्याच्या बाजूला ट्रॅक्टरवाला, मग मेंढपाळ, मग टाकीवरच्या बायका, कडेवर पोरं घेऊन. कुणी बोलावलं नव्हतं. सावडीला बोलवावं लागत नाही.

तुम्ही घड्याळ बघितलंत. घाम पुसलात. पुन्हा घड्याळ बघितलंत.

"साहेब, ऊन होतंय," गिरणीवाली म्हणाली. "आम्हाला सवय आहे, तुम्हाला नाही. एका माणसाचं नाव घ्या आणि जा. उद्या सकाळी या पोरांपुढं खडू घेऊन कोण उभं राहणार? नाव सांगा."